घाटेअळीचे पोट

देऊळगाव राजा तालुक्यात एका किडीचा पाहुणचार जवळपास वर्षभर चालू असतो. खरिपात कपाशी, तूर, सोयाबीन. दिवाळीनंतर हरभरा. विहिरीला पाणी असेल किंवा खडकपूर्णेचा काठ असेल, तर टोमॅटो, भेंडी आणि मकाही. कपाशीवर तिला हिरवी बोंडअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावर घाटेअळी. कीटकशास्त्राच्या दप्तरात ही सारी एकच कीड आहे, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. जगभरात दीडशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे.

एवढी वेगवेगळी झाडे एकाच अळीला पचतात तरी कशी? प्रश्न साधा वाटतो, पण खोल आहे. कुठलेही झाड मुकाट्याने खाऊ देत नाही. कपाशीच्या पानांत आणि बोंडांत गॉसिपॉल असते, टोमॅटोच्या हिरव्या फळात टोमॅटिन असते, हरभऱ्यावर आंब असते. कडधान्यांच्या दाण्यांत तर अशी प्रथिने असतात, जी खाणाऱ्याचे पचनच बंद पाडतात. या शेवटच्या शस्त्राची, आणि त्यावर अळीने काढलेल्या तोडीची, हकीकत या प्रकरणात सांगायची आहे. तिचा मोठा भाग महाराष्ट्रातच उलगडला, पुण्यात आणि तेव्हाच्या औरंगाबादेत. आपल्या शाळांच्या पुस्तकांत ती यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आधी शेतात जाऊ. हरभरा फुलावर आला की मादी पतंग रात्री येते आणि कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर सुटी सुटी अंडी घालते. अंडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, पिवळसर पांढरे. एक मादी आपल्या थोडक्या आयुष्यात शेकडो अंडी घालते, परिस्थिती अनुकूल असेल तर हजारावरही. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि पानाचा हिरवा भाग खरवडायला लागते. त्या जागी पान पांढुरके, जाळीदार दिसते. सवय नसलेल्या माणसाला ते डाग दिसतही नाहीत. मग अळी घाट्याकडे वळते. घाट्याला गोल भोक पाडून डोके आत घालते आणि निम्मे अंग बाहेर ठेवून दाणा खाते. तो संपला की पुढचा घाटा. एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण तीस ते चाळीस घाटे पोखरते. रंगावरून तिला ओळखू गेलात तर फसाल, कारण ती हिरवी असते, तपकिरी असते, कधी गुलाबटही असते. अंगाच्या दोन्ही बाजूंना लांब फिकट पट्टे आहेत का, ते पाहायचे. पूर्ण वाढलेली अळी चार सेंटिमीटरपर्यंत जाते, मग जमिनीत उतरून कोष करते.

हरभऱ्याची पहिली तटबंदी बाहेरच असते. थंडीत पहाटे हरभऱ्यातून चालत गेले की पोटऱ्या ओल्या होतात आणि त्या ओलीला आंबट चव असते. जुनी माणसे रात्री हरभऱ्यावर पातळ धोतर पसरत, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरत आणि पोटदुखीवर देत. ही आंब म्हणजे पानावरच्या बारीक केसांतून पाझरणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना १९९०च्या दशकात असे आढळले की ज्या वाणांच्या पानांवर ऑक्झॅलिक आम्ल जास्त, त्यांवर घाटेअळीची वाढ मंदावते. पण आंब पावसाने धुऊन जाते, आणि अळी एकदा घाट्यात शिरली की बाहेरच्या आंबटपणाशी तिचा संबंध उरत नाही. तिथून पुढे दाण्याला स्वतःचा बचाव स्वतःच करावा लागतो.

दाण्यात प्रथिने भरपूर असतात, म्हणून तर आपणही डाळ खातो. पण प्रथिन जसेच्या तसे कुणाच्याच अंगी लागत नाही. ती अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी असते आणि पोटातली पाचक विकरे, म्हणजे एन्झाइम, तिचे तुकडे करतात. माणसाच्या आतड्यात जे ट्रिप्सिन असते, त्याच जातीची विकरे घाटेअळीच्या आतड्यातही असतात. साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन आले की ट्रिप्सिन त्याच्या पुढे घाव घालते. त्याचा सोबती कायमोट्रिप्सिन वेगळ्या ठिकाणी कापतो. दोघांनी मिळून तुकडे बारीक केले की ते आतड्याच्या भिंतीतून शरीरात जातात.

दाण्यातली रोधक प्रथिने नेमकी इथे अडथळा आणतात. त्यांच्या अंगावर एक वळसा असतो आणि त्याचा आकार विकराच्या कापणाऱ्या खाचेत चपखल बसतो. विकराला वाटते, कापायला साखळी आली. ते त्या वळशाला धरते आणि सोडवेनासे होते. कुलपात किल्ली घालावी आणि ती आतच मोडावी, तशी त्या विकराची गत होते. रोधकात गंधकाचे पक्के बंध असल्यामुळे त्याचा आकार सहजी बिघडत नाही. असे हजारो लाखो रेणू एका घासात पोटात गेले की अळीचे पोट भरलेले असते, पण अंगी काही लागत नाही.

हे शस्त्र माणसाला आधी कळले ते सोयाबीनमुळे. १९१७ मध्ये अमेरिकेत थॉमस ऑसबॉर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांना कच्चे सोयाबीन खायला घातले तर त्यांची वाढ होईना, शिजवून घातले तर होऊ लागली. १९४५ मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला अडवणाऱ्या प्रथिनाचे स्फटिकच वेगळे काढले. आज सोयाबीन हे बुलढाणा जिल्ह्याचे खरिपाचे मुख्य पीक झाले आहे, आणि कच्चे सोयाबीन कोंबड्यांना, वासरांना घालू नये, पेंड उष्णता दिलेलीच वापरावी, असे पशुवैद्य सांगतात ते याचमुळे. उष्णतेने रोधकाचा आकार मोडतो. आपल्या पूर्वजांनी कडधान्य भिजवून, शिजवून, भाजून खायची रीत घातली तेव्हा त्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हते, पण अनुभव पक्का होता. अळीकडे चूल नाही. तिला कच्चाच दाणा पचवावा लागतो.

हे शस्त्र झाड गरजेप्रमाणे परजते, हा शोध १९७२ चा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या क्लॅरेन्स रायन आणि टी. आर. ग्रीन यांनी बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या रोपांवर कोलोरॅडो भुंगेरे सोडले. भुंगेऱ्यांनी एक पान कुरतडले की काही तासांत त्या पानातच नव्हे, तर न खाल्लेल्या दूरच्या पानांतही रोधक प्रथिन वाढलेले दिसले. जखमेची वर्दी रोपभर पोचत होती. ती वर्दी पोचवण्यात भाग घेणारा छोटा रेणू, सिस्टेमिन, रायन यांच्याच प्रयोगशाळेने १९९१ मध्ये टोमॅटोतून शोधून काढला. मुळाने जागा सोडायची नाही, पळायचे नाही, आणि तरी शत्रू आल्याची खबर अंगभर पोचवायची, ही करामत मला आजही थक्क करते.

साहजिकच शास्त्रज्ञांच्या मनात आशा उभी राहिली. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या गटाने चवळीच्या ट्रिप्सिन रोधकाचे जनुक तंबाखूत घातले आणि ती तंबाखू अळीला बरीचशी पचेना. मग पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या रोधकांची जनुके निरनिराळ्या पिकांत घालून पाहण्याची लाट आली. पण अळी तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्टेन जोंग्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्याचे रोधक असलेल्या तंबाखूवर लष्करी अळीच्या जातीतली एक अळी वाढवली. अळी मजेत वाढली. तिच्या आतड्यात पाहिले तर तिने अशी विकरे जास्त बनवायला सुरुवात केली होती, ज्यांना ते रोधक धरूच शकत नव्हते.

आता पुण्याकडे वळू. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. रसायनशास्त्रासाठी उभारलेल्या या संस्थेत प्रभाकर रांजेकर यांनी वनस्पतींच्या रेणूजीवशास्त्राचा गट उभा केला. विद्या गुप्ता, अशोक गिरी, अभय हरसुलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटेअळी हाती घेतली ती १९९०च्या दशकात. त्यांचा प्रश्न शेतकऱ्याचाच होता. हरभऱ्याच्या दाण्यात रोधक आहे, तर मग घाटेअळी हरभऱ्यावर एवढी माजते कशी?

उत्तर शोधायला त्यांनी जी पद्धत वापरली, ती मराठवाड्यात जन्मली होती. औरंगाबादच्या विद्यापीठात मानवेंद्र काचोळे आणि एम. एम. पिचारे यांनी १९९४ मध्ये ती प्रसिद्ध केली. रुग्णालयात वापरतात तीच एक्स-रे फिल्म तिला लागते. या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. दाण्यातली प्रथिने आधी जेलच्या पातळ पट्टीत विजेच्या प्रवाहाने एकमेकांपासून वेगळी करायची. मग ती पट्टी विकराच्या द्रावणात बुडवायची आणि फिल्मवर अंथरायची. जिथे विकर मोकळे आहे, तिथले जिलेटिन ते खाऊन टाकते. जिथे रोधकाने विकराला धरून ठेवले आहे, तिथले जिलेटिन शाबूत राहते. फिल्म कोमट पाण्याने धुतली की स्वच्छ पारदर्शक पार्श्वभूमीवर रोधकाच्या पट्ट्या उमटलेल्या दिसतात. महागडी यंत्रे नसलेल्या प्रयोगशाळेलाही करता येईल अशी ही युक्ती आहे. पुढे कित्येक संशोधकांनी ती उचलली.

पुण्याच्या गटाने वेगवेगळ्या पिकांची तीच दाणाप्रथिने दोन वेगळ्या विकरांपुढे ठेवली, एकदा बाजारात मिळणाऱ्या शुद्ध ट्रिप्सिनपुढे आणि एकदा घाटेअळीच्या आतड्यातून काढलेल्या रसापुढे. ट्रिप्सिनच्या फिल्मवर सगळ्याच पिकांच्या रोधकांच्या पट्ट्या ठळक उमटल्या. अळीच्या रसाच्या फिल्मवर मात्र हरभऱ्याच्या आणि तुरीच्या पट्ट्या गायब होत्या. म्हणजे हरभऱ्याच्या दाण्यात शस्त्र होते, ट्रिप्सिनला ते अडवतही होते, फक्त ज्या शत्रूसाठी ते घडवले, त्याच्यावर ते चालत नव्हते. १९९८ मध्ये ‘प्लांट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखाने याचे एक कारण दाखवले. घाटेअळीच्या आतड्यातली काही विकरे हरभऱ्याच्या रोधकालाच कापून निकामी करतात. जे प्रथिन पचनाला अडवायला बनले, ते तिच्या पोटात इतर प्रथिनांसारखेच पचून जाते.

पुढच्याच वर्षी हरसुलकर आणि सहकाऱ्यांचा दुसरा लेख आला आणि माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा त्यात आहे. त्यांनी सहा वनस्पती घेतल्या. तीन घाटेअळीच्या रोजच्या ताटातल्या, हरभरा, तूर आणि कपाशी. तीन तिच्या ताटाबाहेरच्या, भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवडा. ताटातल्या झाडांचे रोधक अळीच्या विकरांपुढे जवळजवळ कुचकामी ठरले, अपवाद काय तो कपाशीचा. ताटाबाहेरच्या झाडांचे रोधक मात्र अळीची विकरे चांगली अडवत होते. ते आहारात मिसळून अळ्यांना दिले तेव्हा अळ्यांची वाढ खुंटली आणि एकंदर पचनशक्ती उतरली.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हरभरा आणि तूर खात अळीच्या असंख्य पिढ्या गेल्या. ज्या अळ्यांच्या पोटात या रोधकांना न जुमानणारी विकरे होती, त्या जगल्या, वाढल्या, पतंग झाल्या आणि त्यांची अंडी शिवारात पडली. बाकीच्या मागे पडल्या. हे शिकणे एकेका अळीचे नव्हते, वंशाचे होते. भुईमुगाशी किंवा चौधारी घेवड्याशी असा सराव तिच्या वंशाला झाला नव्हता. म्हणून ते रोधक तिला अनोळखी, आणि अनोळखी असल्यामुळे घातक.

पण याच लेखात सावधगिरीची गोष्टही होती. अनोळखी रोधक मिळाल्यावर अळीने हात टेकले नाहीत. रोधक खात राहिलेल्या अळ्यांच्या आतड्यात त्या रोधकाला न जुमानणारी विकरे तयार होऊ लागली. एका अळीच्या आयुष्यात, काही दिवसांच्या अवधीत. मग संशोधकांनी पुढची परीक्षा घेतली. बटाट्याच्या रोधकामुळे अळीने जी नवी विकरे काढली, त्यांच्यावर चौधारी घेवड्याचा रोधक टाकून पाहिला. ती विकरे अडली. बटाट्याला चकवणारी विकरे घेवड्याच्या हाती सापडत होती. त्यावरून त्यांनी सुचवले की रोधक एकामागून एक, ठरवलेल्या जोडीने वापरावेत.

अळी इतक्या लवकर पवित्रा बदलते ते तिच्या जनुकांच्या जोरावर. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की या एका अळीत ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन जातीच्या विकरांची दोन डझनांहून अधिक जनुके आहेत. ती एकमेकांची भावंडे, पण प्रत्येकाच्या विकराची घडण थोडी निराळी. रोधक पोटात आला की आधी अळी सरसकट सगळ्याच विकरांचे उत्पादन वाढवते. त्यानंतर निवड सुरू होते. ज्यांना रोधक धरतो त्या विकरांची जनुके मंद होतात, ज्यांना धरता येत नाही त्यांची जोरात चालू लागतात. पुण्याच्याच अपर्णा पाटणकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की हरभऱ्यावर वाढलेल्या अळीच्या आतड्यातली विकरे आणि दुसऱ्या पिकावर वाढलेल्या अळीची विकरे सारखी नसतात. ताट बदलले की पोट बदलते. देऊळगाव राजाच्या शिवारात सप्टेंबरात कपाशीवर, नोव्हेंबरात तुरीवर आणि डिसेंबरात हरभऱ्यावर एकाच किडीच्या पिढ्या का फोफावतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

अळीला हे फुकटात मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. विकर हे प्रथिनच असते आणि ते बनवायला अमिनो आम्ले लागतात. रोधकाने धरलेले विकर विष्ठेतून वाया जाते. कॅलिफोर्नियात रॉक्झॅन ब्रॉडवे आणि शॉन डफी यांनी १९८६ मध्ये दाखवले की अशा वेळी अळी ट्रिप्सिनचे उत्पादन बेसुमार वाढवते आणि त्या ओढाताणीत तिची गंधकयुक्त अमिनो आम्ले खर्ची पडतात. कडधान्यांत ती आधीच कमी असतात. म्हणून अळी मेली नाही तरी तिची वाढ लांबते आणि कोष हलका भरतो. शेतात याचे मोल मोठे आहे. वाढ चार दिवस जरी लांबली, तरी पक्ष्यांना, परजीवी माश्यांना आणि रोगांना तेवढा जास्त वेळ मिळतो.

म्हणूनच पुण्याच्या गटाने पुढे मिरचीकडे मोर्चा वळवला. मिरची हे काही घाटेअळीचे आवडते खाणे नव्हे. वैजयंती ताम्हणे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मिरचीच्या रोधकांचा घाटेअळीवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. आहारात हे रोधक असलेल्या अळ्या खुरटल्या, कोष हलके झाले, आणि त्यांतून निघालेल्या माद्यांनी अंडीही कमी घातली. त्याआधी कारल्याच्या बियांतल्या रोधकांनीही असाच गुण दाखवला होता. मिरचीच्या रोधकाची एक खुबी अशी की त्याचा रेणू एकसारख्या तुकड्यांच्या माळेने बनलेला असतो. कुठल्या रोधकात एक तुकडा, कुठल्यात दोन, तीन, चार. प्रत्येक तुकडा साधारण पंचावन्न अमिनो आम्लांचा आणि त्यात गंधकाचे चार बंध. तुकड्या-तुकड्यात थोडा थोडा फरक असतो, त्यामुळे एकाच वेळी वेगवेगळ्या विकरांना धरण्याची सोय होते. अळीकडे विकरांचे भांडार, तर मिरचीकडे रोधकांचे.

देऊळगाव राजाच्या वाचकाला मिरची सांगायची गरज नाही. जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र, आणि त्याच्या शेजारच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांत शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, वांगी यांचे बीजोत्पादन चालते. नेटच्या आत बाया एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. त्याला तिथे क्रॉसिंग म्हणतात. जे बी घडवण्यासाठी एवढी मेहनत होते, त्याच मिरचीच्या जातीत घाटेअळीचे पोट अडवणाऱ्या रोधकांचा खजिना आहे. वाण पैदास करताना उत्पन्न, तिखटपणा, रंग यांच्यासोबत या रोधकांकडेही पाहिले जावे, असे मला वाटते.

कोठीतल्या किडीची गोष्ट थोडी निराळी आहे. कडधान्यातल्या भुंगेऱ्यांचे आतडे घाटेअळीसारखे अल्कधर्मी नसते, आम्लधर्मी असते आणि त्यांची मुख्य विकरेही वेगळ्या घराण्यातली असतात. त्यामुळे ट्रिप्सिनला अडवणारा रोधक त्यांचे फारसे बिघडवत नाही. एका किडीवरचा उतारा दुसरीला लागू पडेलच असे नाही, हे लक्षात घेऊनच साठवणीचा विचार करावा लागतो.

आणि कपाशी? २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते वाण देशात आणणारी कंपनी, महिको, जालन्याचीच. बीटीचे प्रथिन रोधक नव्हे, ते वेगळ्या तऱ्हेने अळीला मारते. पण पोटाशी त्याचेही नाते आहे. पूर्ण लांबीचे बीटी प्रथिन अळीच्या पाचक विकरांनी कापले, तरच ते विषारी होते. अळीचे पचनच तिच्या जिवावर उठते. भारतीय शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की प्रतिकारक्षम झालेल्या घाटेअळ्यांत हे कापण्याचे काम करणारे एक विकर कमी पडले होते, त्यामुळे विष नीट तयारच होत नव्हते. म्हणजे अळी एका वेळी विकर वाढवून वाचते, तर दुसऱ्या वेळी विकर घटवून. कपाशीवरची दुसरी कीड, गुलाबी बोंडअळी, बीटीला पुरून उरली ती मुख्यतः आतड्याच्या भिंतीवर विष जिथे चिकटते तिथे बदल करून. २०१७ मध्ये विदर्भात तिने कपाशीची जी वाताहत केली, ती शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढून जायची नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. किडीच्या पोटाचा अभ्यास ही केवळ प्रयोगशाळेतली हौस नाही. तो पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे.

चीनमध्ये बीटीसोबत चवळीच्या रोधकाचे जनुक घातलेली कपाशी शेतकऱ्यांच्या शेतात गेली. आपल्याकडे रोधकाचे जनुक घातलेले एकही पीक अजून शेतकऱ्याच्या हाती आलेले नाही. ते यावे की न यावे, हा वाद तज्ज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून सोडवावा. पण पुण्याच्या प्रयोगांनी दिलेला धडा जनुकाविनाही वापरता येतो. अळीला एकाच तऱ्हेचा मारा सतत मिळाला की ती वाट काढते. म्हणून एकच कीटकनाशक हंगामभर फवारू नका, गट बदला. हरभऱ्यात कामगंध सापळे लावा, पक्ष्यांना बसायला थांबे उभे करा. ज्वारीचे चार दाणे हरभऱ्याच्या ओळीत टाकले तर उगवलेल्या ताटांवर पक्षी आपोआप बसतात. निंबोळी अर्क आणि घाटेअळीचा विषाणू, एचएएनपीव्ही, ही दोन्ही लहान अळीवर चालतात, मोठीवर फारशी नाहीत.

विषाणू संध्याकाळी फवारा, कारण दिवसाचे ऊन त्याला निकामी करते. आणि फवारण्याआधी पाहणी करा. पीक फुलावर आल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी ओळीत वाकून शेंडे तपासा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या सापडू लागल्या की उपाय करायची वेळ झाली. पानावर पांढुरके जाळीदार डाग दिसतात तेव्हा अळी लहान असते आणि घाट्याबाहेर असते. उपाय त्याच दिवशी करा.